मेझ की लाँग केश: एका तुरुंगाच्या जागेवर अडलेलं शांतता केंद्र

दरवर्षी मे महिन्यात उत्तर आयर्लंडमधल्या लिस्बर्न शहराजवळ बाल्मोरल शो नावाचं शेतीप्रदर्शन भरतं. चार दिवस गाई, मेंढ्या, ट्रॅक्टर, घोड्यांच्या उड्या आणि लाखभर माणसं. त्याच माळावर, कुंपणाच्या पलीकडे, इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची एक बैठी, राखाडी इमारत उभी आहे. शेजारी तुरुंगाचं जुनं रुग्णालय आहे. दोन्ही कुलूपबंद आहेत. पाडायच्या नाहीत असं कायदा सांगतो, आणि उघडायच्या का यावर सरकारातल्या दोन बाजूंचं एकमत होत नाही.

२०१३ च्या उन्हाळ्यापर्यंत इथे एक शांतता केंद्र उभं राहणार, हे जवळजवळ नक्की होतं. पैसे मंजूर होते, जगप्रसिद्ध वास्तुरचनाकार नेमलेला होता, बांधकामाची परवानगी हातात होती. ऑगस्टमध्ये एका पत्राने ते थांबलं. हे प्रकरण त्या थांबण्याचं आहे. राजकीय पदांवरची आणि इतिहासात नोंदलेली मोजकी नावं तेवढी घेतली आहेत. कैदी, तुरुंग कर्मचारी आणि पीडित कुटुंबं यांची नावं मुद्दाम टाळली आहेत.

## पार्श्वभूमी

जागेच्या नावापासूनच वाद आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता, त्याचं नाव लाँग केश. ऑगस्ट १९७१ मध्ये सरकारने खटला न चालवता माणसं डांबायला सुरुवात केली आणि थोड्याच आठवड्यांत ही जागा स्थानबद्धांच्या छावणीसाठी वापरात आली. अर्धगोल पत्र्याच्या बराकी आणि भोवती तारांचे पिंजरे. पुढे पक्की बांधणी झाली, एच आकाराचे आठ ब्लॉक उठले आणि अधिकृत नाव पडलं मेझ. आयर्लंडचं एकीकरण मागणारे रिपब्लिकन आजही 'लाँग केश' म्हणतात, ब्रिटनशी जोड टिकवू पाहणारे युनियनिस्ट 'मेझ' म्हणतात. कोण कुठलं नाव घेतो त्यावरून त्याचं घराणं कळतं. पुढे सरकारी महामंडळ स्थापन झालं तेव्हा दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहावी लागली.

मार्च १९७६ पासून हिंसक गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्यांना राजकीय कैद्यासारखा खास दर्जा देणं बंद झालं. रिपब्लिकन कैद्यांनी तुरुंगाचा गणवेश नाकारला आणि अंगावर नुसती घोंगडी पांघरून राहू लागले. १९७८ पासून कोठडीच्या भिंतींना विष्ठा फासण्यापर्यंत गोष्ट गेली. १९८० च्या हिवाळ्यात पहिलं उपोषण झालं. १ मार्च १९८१ ला दुसरं सुरू झालं आणि त्यात दहा जण मेले. पहिला बॉबी सँड्स, वय २७, उपोषणाचा ६६ वा दिवस. मरण्याआधी महिनाभर तो तुरुंगातूनच ब्रिटिश संसदेवर निवडून आला होता. त्याच्या अंत्ययात्रेला लाखाच्या आसपास लोक होते असं सांगतात.

इथे मराठीत लिहिणाऱ्याची एक अडचण कबूल करतो. 'उपोषण' हा शब्द आपल्याकडे कोरा नाही. तो उच्चारला की उपाशी माणूस नैतिक आणि समोरचा निर्दय, असं चित्र आपोआप उभं राहतं. १९२० साली ब्रिक्स्टन तुरुंगात उपोषणात मेलेला कॉर्कचा महापौर टेरेन्स मॅक्स्विनी आणि १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात मेलेले जतींद्रनाथ दास, ही जोडी आपल्या वाचनात आहे. त्यामुळे एच-ब्लॉकची गोष्ट वाचताना आपण नकळत कैद्यांच्या बाजूला सरकतो. युनियनिस्ट घरात तीच गोष्ट अगदी वेगळी ऐकू येते: बॉम्ब पेरणारे आणि पोलिसांना दारात गोळ्या घालणारे लोक शिक्षा भोगायलाही तयार नव्हते.

त्या दुसऱ्या गोष्टीतही या तुरुंगाला मोठी जागा आहे. रिपब्लिकन आणि युनियनिस्ट बाजूंमधल्या सशस्त्र संघर्षाच्या काळात जवळजवळ तीस तुरुंग कर्मचाऱ्यांचे खून झाले, बहुतेक रिपब्लिकनांकडून आणि बहुतेक तुरुंगाबाहेर, ड्यूटी नसताना. रोज सकाळी गाडीखाली वाकून बॉम्ब आहे का ते पाहायचं आणि मग मुलांना शाळेत सोडायचं, ही त्यांच्या घरांची सवय होती. सप्टेंबर १९८३ मध्ये एच-ब्लॉक ७ मधून ३८ कैदी पळाले, त्या गोंधळात भोसकला गेलेला एक अधिकारी दगावला. लॉयलिस्ट, म्हणजे युनियनिस्ट बाजूचे सशस्त्र कैदीही इथेच होते. त्यांची आठवण पुढच्या सगळ्या चर्चेत कायम मागच्या बाकावर राहिली.

शांततेची वाटही याच तुरुंगातून गेली. जानेवारी १९९८ मध्ये लॉयलिस्ट कैदी वाटाघाटींवरचा पाठिंबा काढून घ्यायच्या बेतात होते, तेव्हा ब्रिटिश मंत्री मो मोलम स्वतः आत गेल्या आणि त्यांच्याशी बोलल्या. तीन महिन्यांनी, १० एप्रिलला, हा संघर्ष थांबवणारा गुड फ्रायडे करार झाला. करारानुसार दोन्ही बाजूंचे कैदी मुदतीआधी सुटले आणि २००० साली तुरुंग रिकामा होऊन बंद पडला.

## पेच

बंद तुरुंग म्हणजे मोकळी जमीन. तीही सुमारे ३५० एकर, महामार्गालगत, बेलफास्टहून पंधरा-सोळा किलोमीटरवर. एवढी मोठी सरकारी जागा उत्तर आयर्लंडमध्ये सहसा मिळत नाही. नोकऱ्या, उद्योग, मैदान, घरं, काहीही करता आलं असतं. प्रश्न मधल्या तुकड्याचा होता: एच-ब्लॉक ६, रुग्णालय, प्रार्थनाघर आणि भिंतीचा थोडा भाग. या वास्तू संरक्षित यादीत गेल्या. बाकीचा बराचसा तुरुंग २००६ च्या अखेरीपासून पाडायला सुरुवात झाली.

त्या रुग्णालयात दहा उपोषणकर्ते मेले. युनियनिस्टांच्या भीतीला इंग्रजीत एकच शब्द होता, 'श्राइन', आणि त्या शब्दाने बाकी सगळी चर्चा गिळली. त्याला मराठीत 'स्मारक' म्हटलं तर फार सौम्य होतं. स्मारकाला माणूस भेट देतो. ही भीती तीर्थस्थानाची होती: बसेस भरून लोक येतील, पलंगापाशी फुलं ठेवतील, मुलांना सांगतील की इथे आपले हुतात्मे गेले. आणि हे सगळं सरकारी खर्चाने, मारल्या गेलेल्यांच्या मुलांनी भरलेल्या करातून.

यामागे एक जुनं, न सुटलेलं गणित होतं: पीडित कोण? २००६ च्या कायद्यातली व्याख्या माणूस जखमी झाला का, जवळचं माणूस गमावलं का, एवढंच विचारते. तो कसा जखमी झाला हे विचारत नाही. म्हणजे स्वतःच नेत असलेल्या बॉम्बने मेलेल्याची आई आणि त्या बॉम्बने मरणाऱ्याची आई, दोघी एका रांगेत. २००९ मध्ये भूतकाळाचा विचार करायला नेमलेल्या सल्लागार गटाने प्रत्येक मृताच्या जवळच्या नातलगाला सरसकट १२,००० पाउंड द्यावेत असं सुचवलं. बेलफास्टच्या हॉटेलात अहवाल प्रकाशित होताना सभागृहातच लोक एकमेकांवर ओरडले, आणि सूचना बासनात गेली. मेझचा वाद हाच, फक्त विटांमध्ये.

सरकारची रचना पेचात भर घालणारी होती. उत्तर आयर्लंडमध्ये फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर यांचे अधिकार समान असतात, नावात 'डेप्युटी' असलं तरी. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात तसं. एकाने नाही म्हटलं की लॉकर उघडत नाही. २००८ पासून एक किल्ली डीयूपी या युनियनिस्ट पक्षाच्या पीटर रॉबिन्सन यांच्याकडे होती, दुसरी शिन फेन या रिपब्लिकन पक्षाच्या मार्टिन मॅकगिनेस यांच्याकडे, जे स्वतः एकेकाळी आयआरए या रिपब्लिकनांच्या सशस्त्र संघटनेचे कमांडर होते.

## समोर असलेले पर्याय

सगळं पाडून टाकणं हा पहिला. युनियनिस्टांमधल्या कडव्या गटाची मागणी हीच होती. याला उदाहरणही होतं: १९८७ मध्ये रुडॉल्फ हेस मेल्यावर बर्लिनचा श्पांडाऊ तुरुंग लगोलग जमीनदोस्त केला गेला, नव-नाझी तिथे जमू नयेत म्हणून. पण श्पांडाऊमध्ये शेवटी एकच कैदी होता आणि त्याची बाजू घेणारा पक्ष सरकारात बसलेला नव्हता. इथे कैद्यांची बाजू घेणारा पक्ष निम्मं सरकार चालवत होता.

दुसरा पर्याय म्हणजे रिपब्लिकनांना मनातून हवा असलेला: जसा आहे तसा जतन करून संग्रहालय. डब्लिनचा किल्मेनम तुरुंग, दक्षिण आफ्रिकेतलं रॉबेन बेट ही त्यांची उदाहरणं. त्यातली मेख अशी, की त्या दोन्ही ठिकाणी एक बाजू जिंकलेली आहे आणि संग्रहालय जिंकलेल्यांची गोष्ट सांगतं. इथे कुणीच जिंकलं नव्हतं.

तिसरा, चतुर वाटणारा पर्याय म्हणजे जागेला दुसरंच काहीतरी इतकं मोठं द्यायचं की तुरुंग कोपऱ्यात पडेल. २००५ मध्ये चार मोठ्या पक्षांचे प्रतिनिधी असलेल्या सल्लागार मंडळाने हेच सुचवलं: फुटबॉल, रग्बी आणि आयर्लंडचे पारंपरिक गेलिक खेळ या तिन्हींसाठी एकच राष्ट्रीय स्टेडियम, आणि बाजूला संघर्षातून बाहेर पडण्याचा अभ्यास करणारं आंतरराष्ट्रीय केंद्र. चारही पक्ष या कागदावर एकत्र होते ही गोष्ट नंतर सगळे सोयीस्करपणे विसरले.

काहीच न करणं हाही पर्याय होता. तो कुणी मांडला नाही, आणि शेवटी तोच निवडला गेला.

## काय केलं गेलं

स्टेडियम २००९ च्या सुरुवातीला डीयूपीच्याच क्रीडामंत्र्याने रद्द केलं. खर्च, शहराबाहेरची जागा, चाहत्यांचा विरोध, ही कारणं दिली गेली आणि ती खोटी नव्हती. तिन्ही खेळांना बेलफास्टमध्ये वेगवेगळ्या मैदानांसाठी पैसे देण्याचं ठरलं. फुटबॉलचं आणि रग्बीचं मैदान सुधारून झालं. गेलिक खेळांचं केसमेंट पार्क २०१३ पासून गवत वाढलेल्या अवस्थेत पडलं. एकत्र मैदान नको म्हणून वेगळी घेतली, त्यातलंही एक अडलं.

मग जुलै २०१० मध्ये रॉबिन्सन आणि मॅकगिनेस यांनी नवा तोडगा काढला. जागेच्या विकासासाठी महामंडळ नेमायचं, ६५ एकर शेतीप्रदर्शन भरवणाऱ्या रॉयल अल्स्टर कृषी संस्थेला द्यायचे आणि संरक्षित इमारतींजवळ शांतता केंद्र बांधायचं. सौदा सरळ होता: शेतकरी प्रदर्शन बहुतांशी युनियनिस्टांच्या आवडीचं, शांतता केंद्र रिपब्लिकनांच्या. केंद्रासाठी युरोपीय संघाच्या शांतता निधीतून १.८ कोटी पाउंड मंजूर झाले. आराखड्यासाठी बर्लिनच्या ज्यू संग्रहालयाचे रचनाकार डॅनियल लिबेस्किंड यांची निवड झाली. २०११ ते २०१५ च्या सरकारी कार्यक्रमात हे केंद्र लेखी वचन म्हणून आलं. सप्टेंबर २०१२ मध्ये महामंडळ कामाला लागलं आणि संपूर्ण जागेतून ५,००० नोकऱ्या निघतील असे आकडे मांडले गेले. एप्रिल २०१३ मध्ये पर्यावरणमंत्र्यांनी बांधकामाला परवानगी दिली. त्याच वर्षी मे महिन्यात पहिलं प्रदर्शन नव्या जागेवर भरलंसुद्धा.

म्हणजे सौद्यातला एका बाजूचा वाटा वेळेत मिळाला. दुसऱ्या बाजूचा कागदावर होता.

या तीन वर्षांत एका प्रश्नाचं ठाम उत्तर लोकांपुढे कधीच आलं नाही: केंद्रात आलेला पाहुणा पुढे रुग्णालयात जाणार की नाही? गेला तर त्याला काय सांगितलं जाणार, आणि कोण सांगणार? रॉबिन्सन आपल्या लोकांना सांगत होते की तीर्थस्थान होऊ देणार नाही. रिपब्लिकन आपल्या लोकांना सांगत होते की इमारती टिकणार आहेत. दोघंही खरंच बोलत होते, कारण करारात या दोन वाक्यांची गाठ कुठेच पडत नव्हती. माझ्या मते २०१० चा समझोता झाला तो याच संदिग्धतेमुळे. मोडला तोही तिच्यामुळेच.

## पंधरा ऑगस्टचं पत्र

मधल्या काळात बाहेरची हवा बिघडली. ३ डिसेंबर २०१२ ला बेलफास्ट महापालिकेने ब्रिटिश झेंडा वर्षभर न लावता ठरावीक दिवशीच लावायचा ठराव केला. महिनोन्‌महिने रस्ते अडवले गेले. 'आमचं एकेक काढून घेतलं जातंय' ही भावना युनियनिस्ट वस्त्यांत पसरली. मेझला विरोध करणाऱ्यांना यातून बळ मिळालं: जिम ॲलिस्टर यांचा छोटा पण बोलका युनियनिस्ट पक्ष, ऑरेंज ऑर्डर ही प्रोटेस्टंट संघटना, काही पीडित संघटना आणि २००५ च्या कागदावर होता तो अल्स्टर युनियनिस्ट पक्षही.

९ ऑगस्ट २०१३ ला बेलफास्टच्या मध्यवर्ती रस्त्यावर रिपब्लिकन मोर्चाला विरोध करताना दंगल झाली, पन्नासहून जास्त पोलीस जखमी झाले. दोनच दिवसांनी टायरोन परगण्यातल्या कासलडर्ग गावात शिन फेनच्या पाठिंब्याने आयआरएच्या मृत सदस्यांच्या स्मरणार्थ मिरवणूक निघाली. त्या मृतांमध्ये १९७३ मध्ये गावावर टाकायला नेत असलेला बॉम्ब वेळेआधीच फुटून मेलेले दोघे होते. कासलडर्ग हे आयआरएने अनेकदा बॉम्बने फोडलेलं गाव. ज्यांची माणसं तिथे मारली गेली, त्यांच्या डोळ्यांदेखत ही मिरवणूक गेली.

पीटर रॉबिन्सन त्या वेळी फ्लॉरिडात सुट्टीवर होते. तिथून त्यांनी १५ ऑगस्टला आपल्या आमदार-खासदारांना लांबलचक पत्र पाठवलं. सार असं: व्यापक सहमतीशिवाय शांतता केंद्र पुढे नेणं चूक ठरेल, शिन फेनच्या वागण्याने, विशेषतः कासलडर्गने, युनियनिस्टांचा विश्वास उरलेला नाही, म्हणून काम थांबवावं. मॅकगिनेस यांच्याशी आधी समोरासमोर बोलून नव्हे, तर पक्षाला लिहिलेल्या पत्रातून हे बाहेर आलं.

मॅकगिनेस यांचं म्हणणं होतं की रॉबिन्सन कडव्या लोकांपुढे झुकले आणि लेखी वचन मोडलं. त्यांनी उलटं कुलूप लावलं: केंद्र नाही, तर त्या जागेवर दुसरा कोणताही मोठा विकास नाही.

## निष्पत्ती

ऑक्टोबर २०१३ मध्ये १.८ कोटी पाउंड परत गेले. त्या निधीचा कालावधी संपत आला होता आणि २०१५ च्या अखेरीपर्यंत पैसे खर्च झालेच पाहिजेत असा नियम होता, त्यामुळे वाट पाहणं शक्य नव्हतं. झेंडे, मिरवणुका आणि भूतकाळ या तिन्हींवर अमेरिकन मुत्सद्दी रिचर्ड हास यांनी घेतलेल्या वाटाघाटी त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला समझोत्याविना संपल्या.

जागेवर आज शेतीप्रदर्शन आहे. २०१७ पासून हवाई रुग्णवाहिकेचा तळ आहे. युद्धकाळातल्या दोन विमानघरांत जुन्या विमानांची हौशी संस्था आहे. या तिन्ही गोष्टी चांगल्या चालतात आणि तिन्हींचा तुरुंगाशी काही संबंध नाही. ५,००० नोकऱ्या आल्या नाहीत. महामंडळ आहे आणि त्याचं मोठं काम म्हणजे संरक्षित इमारती कोसळू न देणं.

## निर्णय कुठे चुकले, काय वेगळं करता आलं असतं

पत्राला दोष देणं सोपं आहे. पण पत्र आलं नसतं तरी केंद्र उघडलं असतं का, याची मला शंका वाटते. मे २०१४ मध्ये महापालिका आणि युरोपीय संसदेच्या निवडणुका होत्या. रॉबिन्सन यांच्यासमोर दुसरे युनियनिस्ट पक्ष 'मेझ' हा एकच शब्द घेऊन उभे राहणार होते. त्यांची अडचण खरी होती. त्यांनी ती हाताळली मात्र वाईट. कासलडर्गच्या मिरवणुकीचा राग आणि केंद्राचा प्रश्न यांची गाठ एकाच कागदावर मारल्यामुळे 'आम्हाला केंद्राच्या मांडणीवर आक्षेप आहे' हे वाजवी म्हणणं 'तुम्ही वाईट वागलात म्हणून शिक्षा' असं वाचलं गेलं. शिक्षेला उत्तर शिक्षेनेच आलं. मिरवणुकीवर स्वतंत्रपणे बोलून केंद्राचं काम सहा महिने लांबणीवर टाकायची मागणी केली असती, तर मॅकगिनेस यांना हो म्हणायला थोडी तरी जागा राहिली असती. निधीचं घड्याळ चालू होतं हे खरं; सहा महिने मागायला तरी काय हरकत होती?

शिन फेनच्या बाजूचा निर्णय मला जास्त खटकतो, आणि त्याबद्दल कमी लिहिलं जातं. ज्या आठवड्यात त्यांना युनियनिस्टांकडून तुरुंग जतन करण्याची संमती हवी होती, त्याच आठवड्यात त्यांनी कासलडर्गमध्ये विरोधकांच्या भीतीचं प्रात्यक्षिक करून दाखवलं. 'आम्ही रुग्णालयाचं तीर्थ करणार नाही' असं एकीकडे, आणि बॉम्ब नेणाऱ्यांची मिरवणूक दुसरीकडे. आपल्या मृतांची आठवण काढण्याचा हक्क कुणीही नाकारू नये. पण गाव, रस्ता, दिवस निवडणं त्यांच्या हातात होतं.

त्याहून मागे गेलं की खरी चूक दिसते: आधी भांडं घडवलं आणि आत काय ठेवायचं ते नंतरवर टाकलं. युरोपीय निधीला इमारत दाखवता येते, चौरस मीटर दाखवता येतात. 'आम्ही अजून गोष्टीवर भांडतोय' हे दाखवता येत नाही. त्यामुळे कामाचा सगळा वेग रचनाकार, परवानगी, निविदा याकडे गेला. लिबेस्किंड यांच्यासारखं मोठं नाव आणल्यावर तर प्रकल्प आणखी ठळक झाला, आणि जी गोष्ट शांतपणे, लहान प्रमाणात करायची होती तिच्यावर जगाचा प्रकाश पडला. विरोधकांना आयतं चित्र मिळालं.

संपूर्ण जागा एकाच गाठोड्यात बांधणं ही दुसरी चूक. २०१० मध्ये ते हुशारीचं वाटलं असणार: दोघांनाही काही ना काही मिळतं, म्हणून दोघंही टिकतील. पण देवाणघेवाणीतला एक हप्ता मे २०१३ मध्येच चुकता झाला आणि दुसरा बाकी राहिला. ज्याला आपलं मिळालं त्याला थांबण्याची भीती उरली नाही. गाठोडं फुटलं तेव्हा त्याने तीनशे एकरांवरच्या, कुणाचाच विरोध नसलेल्या कामांनाही खाली ओढलं. वादाचा तुकडा आणि उरलेली जमीन यांचे कागद सुरुवातीपासून वेगळे ठेवले असते, तर आज निदान कारखाने तरी असते.

बेलफास्टमधलाच क्रुमलिन रोड तुरुंग तुलनेसाठी हाताशी आहे. १९९६ मध्ये बंद झाला, नोव्हेंबर २०१२ मध्ये, म्हणजे मेझचा वाद तापत असतानाच, पर्यटकांसाठी खुला झाला. आयआरएचे आणि लॉयलिस्ट कैदी तिथेही होते. तिथे मात्र गोष्ट १८४० च्या दशकापासून सुरू होते: भुकेने चोरी करणारी मुलं, मताधिकारासाठी लढणाऱ्या बायका, फाशी गेलेले सतरा जण. संघर्षाचा काळ हा त्या लांब गोष्टीतला एक मजला आहे. मेझकडे तेवढा इतिहास नाही, तीस वर्षांचाच आहे आणि तो सगळाच्या सगळा जखमेचा आहे. तरीही विमानतळ, अमेरिकन सैनिक, छावणी, तुरुंग, कैद्यांशी झालेल्या वाटाघाटी, सुटका, शेती असा क्रम लावता आला असता. विमानघरं तर तिथेच उभी होती. त्यांना प्रकल्पाच्या कडेला ठेवलं गेलं.

आणि तुरुंग कर्मचारी. सल्लामसलत झाली नाही असं म्हणता येणार नाही, बैठका झाल्या, अहवाल झाले. पण वादाची मांडणी कायम 'कैदी विरुद्ध पीडित' अशी राहिली. ज्यांनी त्या ब्लॉकमध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या, विष्ठा फासलेल्या भिंती धुतल्या, मरणाऱ्या माणसाच्या पलंगाशेजारी रात्र काढली आणि सकाळी गाडीखाली वाकून पाहिलं, ते या मांडणीत कुठेच नीट बसत नाहीत. रुग्णालयाच्या त्या वॉर्डात दोन माणसं होती, एक पलंगावर आणि एक दाराशी. दाराशी असलेल्याची गोष्ट आत ठेवली असती, तर खोलीचं तीर्थ होणं अवघड गेलं असतं. युनियनिस्टांनाही ती खोली पाडण्याचा आग्रह धरणं जड गेलं असतं.

मी त्या मंडळावर असतो तर इमारतीचा विषय बाजूला ठेवून एक पानभर नियम मागितला असता: वॉर्ड कोणत्या दिवशी उघडेल, कोण नेईल, कुठली चिन्हं आणि झेंडे आत येणार नाहीत, फुलं ठेवता येतील का, भिंतीवर कुठला मजकूर असेल. तो मजकूर चार जणांनी मिळून लिहायचा, एक रिपब्लिकन माजी कैदी, एक लॉयलिस्ट, एक निवृत्त तुरुंग कर्मचारी आणि मारल्या गेलेल्या कुणाचं मूल. वर्ष लागलं असतं, कदाचित दोन. जमलं नसतं तर निदान १.८ कोटी पाउंड मागण्याआधी कळलं असतं. जमलं असतं तर वॉर्डाचं दार तेवढं उघडायला लिबेस्किंड लागले नसते.